पावकी-निमकी ते वीस-तीन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

2019 च्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. माझ्या धाकट्या भावाची मुलगी दुसरीत गेली होती. संध्याकाळी ओट्यावर चिंचोके पसरून ती मोजत बसली होती, "वीस एक, वीस दोन, वीस तीन..." शेजारचे अण्णा, निवृत्त तलाठी, पेपर वाचत बसले होते. पेपरातही नेमकी तीच बातमी होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मला म्हणाले, "घ्या, कविराज! तेवीस म्हणायला आता पोरांची जीभ वळत नाही. मराठी बुडाली. तुम्ही कविता लिहिताय कोणासाठी?"

मी हसून वेळ मारून नेली. पण अण्णांचं बोलणं मनात राहिलं. कारण आकड्यांच्या नावांपायी मी स्वतः मार खाल्लेला आहे, आणि आकड्यांच्याच नावांवर माझ्या वडिलांनी आमचं घर चालवलेलं आहे. म्हणून मराठी मुलांच्या गणिताची ही जुनी गोष्ट आज तुमच्यापुढे ठेवावीशी वाटते. मी गणिताचा माणूस नव्हे. बी.ए.ला मराठी घेतलं, त्यात गणिताला चुकवण्याचाही थोडा हेतू होताच.

आमचे अब्बा शिंपी. चाळीसगाव तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी कापडवाल्याच्या ओट्यावर त्यांचं मशीन असे. गिऱ्हाइकानं साडेतीन मीटर कापड फाडून घेतलं, भाव सात रुपये मीटर, की दुकानदार कागद-पेन्सिल शोधायला लागे. तोवर अब्बा मशीनवरची मान न उचलता सांगत, "साडेचोवीस." पावणेतीन मीटर, आठ रुपयांनी? "बावीस." मला ती जादू वाटायची. एकदा विचारलं तर म्हणाले, "जादू कसली? औटकी आहे."

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. सात औटकीत साडेचोवीस. आजच्या मुलांनी हा शब्द ऐकला असेल तर तो 'औट घटकेचा राजा' या वाक्प्रचारातच. तिथला 'औट' म्हणजेसुद्धा साडेतीन. जुन्या मराठी शाळेत बे ते तीस हे पाढे झाले की मुलाची सुटका होत नसे. पुढे पावकी, निमकी, पाऊणकी असत. त्यानंतर सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे. आठ-दहा वर्षांची पोरं अपूर्णांकांचे गुणाकार तोंडानं करत. त्याला अपूर्णांक म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसे. बरंच झालं. आज त्या शब्दानंच निम्मी मुलं घाबरतात.

यात नुसती घोकंपट्टी होती असं मात्र समजू नका. पावणेतीनचा वेगळा पाढा अब्बांना शिकवलेला नव्हता. पावणेतीन म्हणजे तीनला पाव कमी. तीन आठे चोवीस, त्यातून आठांची पावकी दोन गेली, राहिले बावीस. 'पावणेतीन' या शब्दातच ती वजाबाकी बसलेली आहे. साडेसहा म्हणताना आपण बेरीज करतो, पावणेसात म्हणताना वजाबाकी करतो आणि दोन्हींचा आपल्याला पत्ता नसतो. भाषा अशी गुपचूप गणित शिकवत असते.

अब्बांचा जन्म 1934 चा. त्यांचं हे शिक्षण काही शाळेत आणि काही शेजारच्या वाड्याच्या ओट्यावर झालं. दिवेलागण झाली की त्या वाड्यातली मुलं हातपाय धुऊन परवचा म्हणायला बसत. आधी शुभंकरोती आणि श्लोक, मग पाढे. अब्बा मगरिबची नमाज झाली की तिथे जाऊन बसत, तोवर श्लोक संपून पाढ्यांची वेळ झालेली असे. वाड्यातल्या आजींनी त्यांना कधी उठ म्हटलं नाही. फक्त सूर चुकला तर ओरडत. पाढ्यालाही चाल होती. बे एके बे, बे दुणे चार... त्या 'एके, दुणे, त्रिक, चोक'चा ठेका एकदा कानात बसला की आकडा आपोआप जिभेवर येई. कविता पाठ होते ती याच रीतीनं.

पण पाव आणि अर्ध्याचे इतके लाड कशासाठी? त्याचं कारण बाजारात होतं. रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे, पैशाच्या 3 पया. शेराचे 16 छटाक, मणाचे 40 शेर. कापडाच्या गजाचे 16 गिरे. सोळा हा मोठा उदार आकडा. अर्धा करा, पाव करा, पुन्हा पावाचा अर्धा करा, कुठेही काही शिल्लक राहत नाही. नाण्यांची नावंही तशीच होती. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. मूल संध्याकाळी जी पावकी घोके, ती दुसऱ्या दिवशी सकाळी पावली होऊन त्याच्या मुठीत येत असे.

हा सोळा आपल्याकडे किती जुना असावा? भास्कराचार्यांची 'लीलावती' 1150 च्या सुमाराची. तिची सुरुवातच कोष्टकांनी होते. 20 कवड्यांची एक काकिणी, 4 काकिणींचा एक पण, 16 पणांचा एक द्रम्म आणि 16 द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे अब्बांच्या पावली-अधेलीचं कूळ निदान आठशे वर्षांचं निघालं.

लीलावतीचा विषय निघाल्यावर आमच्या खानदेशातल्या माणसाला पाटण आठवल्याशिवाय राहत नाही. चाळीसगावजवळ, डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवीचं ठाणं आहे. तिथल्या पाटण गावात एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 साली तो अभ्यासकांपुढे मांडला. शके 1128 च्या सुमाराचा, म्हणजे साधारण 1207 चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथे मठ काढला आणि सोन्हदेव नावाच्या स्थानिक राजानं त्या मठाला दान दिलं. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. पण शेवटी प्रत्यक्ष दान सांगायची वेळ आली तेव्हा लेख मराठीत उतरला. पाटणच्या बाजारात जो माल येईल त्यावरचा राजाचा हक्क मठाला द्यावा, अशा अर्थाच्या त्या ओळी आहेत. विद्वानांची स्तुती संस्कृतात आणि बाजाराचा हिशेब मराठीत! मला ही वाटणी फार खरी वाटते. गणिताची शाळा बाजाराच्या पैशावर चालली, आणि तो पैसा समजेल अशा भाषेत लिहिला गेला.

आता लीलावती कोण होती? भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त, घटिकापात्रात पडलेला मोती, त्यानं बुजलेलं छिद्र आणि टळलेली घटका, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मूळ संस्कृत ग्रंथात ती नाही. तिथे गणित विचारताना कवी कधी हरिणाक्षी मुलीला हाक मारतो, तर कधी सख्याला. ही गोष्ट पहिल्यांदा भेटते ती फैजीच्या फारसी प्रस्तावनेत. अबुल फैज फैजी हा अकबराच्या दरबारातला कवी. बादशहाच्या सांगण्यावरून त्यानं 1587 साली लीलावती फारसीत आणली. पुढे 1591 साली तो अकबराचा वकील म्हणून दख्खनला आला, खानदेशात आणि अहमदनगरच्या निजामशाहीतही राहिला. त्यानं ती कथा कुणाकडून ऐकली असेल, किंवा स्वतः रचलीही असेल. पण एक कवी म्हणून मला त्याचं मन समजतं. नुसती बेरीज-वजाबाकी वाचकापुढे ठेवणं त्याच्या जिवावर आलं असणार. त्याला त्या पुस्तकात एक बाप आणि एक रुसलेली मुलगी हवी होती.

आणि ते मूळ पुस्तकाच्या स्वभावाला धरूनच आहे. लीलावतीतली गणितंच पाहा. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर, या दोन हिश्श्यांतल्या फरकाच्या तिप्पट कुडाच्या झाडावर, आणि एक बिचारा भुंगा केवड्याच्या नि मोगरीच्या वासानं भुलून मधेच घिरट्या घालतो आहे. तर भुंगे एकूण किती? उत्तर पंधरा. उत्तर मी विसरेन, पण तो एकटा भुंगा विसरणार नाही. मुलाच्या मनात गणित शिरतं ते असल्या फटीतून.

पुढे इंग्रज आले. मुंबईच्या शिक्षणमंडळीचे सचिव कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी 1820 च्या दशकात आपल्या शास्त्र्यांच्या मदतीनं इंग्रजी गणिताची पुस्तकं मराठीत उतरवली. पंतोजींची धूळपाटी हळूहळू मागे पडली आणि दगडी पाटी आली, छापील पुस्तक आलं. पण पावकी-निमकी गेली नाही, कारण बाजार बदलला नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं नुसतं गोड गोड होईल. परवचा होता, पण त्या ओट्यावर कोण होतं? पंतोजीच्या शाळेत ब्राह्मण-वाण्यांची मुलं असत, इतरांची थोडी. मुली जवळजवळ नाहीतच, आणि महार-मांगांच्या मुलांना तर ओटासुद्धा बंद. त्यांच्या घरी औटकी नव्हती आणि सावकाराकडे मात्र होती. 1875 साली पुणे-नगर भागात शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांचे दस्तऐवज हुडकून जाळले. ज्या कागदावरचा हिशेब आपल्याला वाचता येत नाही, त्याचं माणूस दुसरं करणार तरी काय? 1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं ते सांगितलं. त्यात मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं आणि त्याच्या जोडीला हिशेब, असं त्यांनी मागितलं आहे. इतिहास, भूगोल, व्याकरण त्यानंतर. पाढा न येणाऱ्याला त्या काळी फक्त छडी बसत नसे, त्याचं शेतही जात असे.

1957 च्या 1 एप्रिलला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ किलो, मीटर, लिटर आले. फार शहाणपणाचा निर्णय, त्याबद्दल मला शंका नाही. दर मुलखाचा शेर वेगळा नि मण वेगळा, त्यात गरीबच नाडला जायचा. पण त्या दिवसापासून औटकीच्या पायाखालची जमीन सरकली. अंकलिपीच्या शेवटच्या पानांवर पावकी-सवायकी आणखी काही वर्षं छापून येत राहिली, मग तीही पानं गेली. अब्बा मात्र मीटरनं मोजत आणि औटकीनं गुणत. चाराणे-आठाणे हे शब्द तेवढे लोकांच्या तोंडी राहिले. 2011 साली सरकारनं पंचवीस पैशांचं नाणंही चलनातून काढून घेतलं.

मी शाळेत गेलो सत्तरच्या दशकात, म्हणजे बाजार बदलल्यावर. पाढे होते, छडी होती, चाल गेली होती. आणि माझी अडचण आणखी एक होती. घरी आम्ही जी उर्दू बोलतो तिला लखनौवाले उर्दू म्हणणार नाहीत, पण तीच आमची. गल्लीत सगळी अहिराणी. शाळेत पुस्तकी मराठी. आकडे तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी ऐकू येत. एकोणसाठ आणि उनसठ यांचं जमून जाई, दोन्हींत साठाला एक कमी. पण एकोणनव्वद? मराठीत नव्वदला एक उणा. आमच्या घरी ते नवासी, म्हणजे ऐंशीवर नऊ. गुरुजींनी फळ्यावर 89 लिहून मला उभं केलं. मी म्हणालो, "नवासी." वर्ग हसला. गुरुजींना वाटलं मी वात्रटपणा करतोय. हातावर छड्या बसल्या. "नीट बोल." मी घाबरून म्हणालो, "नव्व्याण्णव." मग आणखी बसल्या.

ते गुरुजी वाईट नव्हते. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की आम्हाला खांद्यावर घेऊन पलीकडे सोडत. पण मला 89 येतो, फक्त त्याचं नाव दुसरं येतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही लक्षात आलं नाही. मला वाटलं, मला गणित येत नाही. ते वाटणं पुढे चाळीस वर्षं टिकलं.

त्याच काळात आपल्या नाशिकजवळ देवळालीला एक शाळामास्तर होऊन गेले होते, हे मला फार उशिरा कळलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म 1905, डहाणूचा. 1930 ते 1962 देवळालीच्या शाळेत शिकवलं. गाठीशी पदवी होती ती फक्त बी.एस्सी. पण आकड्यांशी माणूस खेळावं तसे ते खेळत. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. समजा 3, 5, 2, 4. मोठ्यात मोठी संख्या करा 5432, लहानात लहान 2345, वजा करा, 3087. पुन्हा तेच करा, 8352. पुन्हा करा, 6174. आता कितीही वेळा करा, 6174 च येणार. कुठल्याही चार अंकांनी सुरुवात केलीत तरी फार तर सात पायऱ्यांत तुम्ही याच घरी येऊन पोचता. हा शोध त्यांना 1940 च्या दशकात लागला. मोठे गणिती बरीच वर्षं याला पोरखेळ म्हणत राहिले. 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकन मासिकात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. पोरखेळ हा शब्द मात्र मला आवडतो. यात वजाबाकीपलीकडे काहीच लागत नाही, आणि वजाबाकी तर तिसरीतल्या मुलालाही येते.

आता पुन्हा 2019 च्या त्या ओट्यावर येऊ. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात तेवीसला 'वीस तीन' असंही वाचायला दिलं होतं. जुनी नावं काढलेली नव्हती, दोन्ही रीती होत्या. तरी गहजब झाला, विधानसभेतही टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर, मुलांसाठी 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. त्रेचाळीस, ब्याऐंशी, त्र्याण्णव ही जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात. शिवाय आपण तीन आधी बोलतो आणि दोन आधी लिहितो, म्हणून मुलं 23 चे 32 करतात. कानडी, तेलुगू, तामीळ मुलं दशक आधी बोलतात, त्यांचं काही अडत नाही. नारळीकरबाई 2023 साली गेल्या. त्यांच्यावर झालेले विनोद मी तेव्हा वाचले होते, आणि त्यातले काही मला आवडलेही होते, हे कबूल करतो. कवीला जुना शब्द जाताना दिसला की तो आधी रडतो, विचार मागाहून करतो.

विचार करायला लावला तो माझ्या अम्मीनं. ती तेव्हा ऐंशीच्या घरात होती. आयुष्यभर कोंबड्या पाळून तिनं अंडी विकलेली. कधी शाळेत गेली नाही. अण्णा मराठी बुडाल्याचं सांगत होते तेव्हा ती आत डाळ निवडत बसली होती. तिथूनच म्हणाली, "सही तो बोल री बच्ची. एक कोडी, ऊपर तीन."

अण्णा गप्प झाले, मीही. कोडी म्हणजे वीस. अम्मी सगळं आयुष्य अंडी अशीच मोजत आली. दो कोडी पाच म्हणजे पंचेचाळीस. आमच्या बाजारातल्या माळणी, शेतातल्या मजूर बाया याच रीतीनं मोजत. तीन विसा नि चार, म्हणजे चौसष्ट. तेवीस, त्रेचाळीस शाळेच्या ओट्यावर म्हटले जात होते तेव्हा, ज्यांना तो ओटा बंद होता त्या बाया वीस आधी आणि वरचे नंतर मोजत होत्या. पुस्तकानं परक्या मुलखातून काही आणलं असं मी समजत होतो. ते तर आमच्याच घरात डाळ निवडत बसलं होतं.

म्हणून तेवीस सोडा असं मी म्हणणार नाही. तेवीस हा सुंदर शब्द आहे, आणि बाजारात, पंचांगात, गाण्यात तोच भेटणार आहे. पण मुलाला 23 म्हणजे दोन दहा आणि तीन सुटे हे कळेपर्यंत त्याला जे नाव जवळचं वाटेल ते घेऊ द्यावं. माझ्यासारख्या घरच्या मुलाला नवासी म्हणू द्यावं, मग हळूच सांगावं की याचंच शाळेतलं नाव एकोणनव्वद. एवढं एक वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

त्या संध्याकाळी मी पुतणीला जवळ बोलावलं आणि कापरेकरांचा खेळ तीन अंकांवर दाखवला. तीन अंकांत तो 495 वर येऊन थांबतो. तिनं 7, 2, 1 घेतले. 721 वजा 127. हातचे घेताना जीभ बाहेर काढून. 594. मग 954 वजा 459. आले 495. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा 495. ती पळत अण्णांकडे गेली, "अण्णा, तुम्ही कोणतेही तीन आकडे सांगा!" अण्णांनी पेपर बाजूला ठेवला. अंधार पडेपर्यंत दोघं करत बसले होते. एकदा अण्णांची वजाबाकी चुकली, तेव्हा तिनंच ती काढून दाखवली.

आता ती हायस्कुलात आहे. अब्बांची जुनी टेप तिनं मागून घेतली आहे, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असलेली. परवा माझी पाठ मोजून म्हणाली, "बडे अब्बा, साडेसतरा इंच." मी विचारलं, "साडेसतराची दुप्पट?" ती क्षणभर थांबली आणि ओठ हलवत म्हणाली, "सतरा दुणे चौतीस, आणि दोन अर्धे एक. पस्तीस. हे तुमच्या कुठल्या पाढ्यात येतं?"